अकारण हललेला दात

दातदुखी ही घराघरातील इतकी परिचित तक्रार आहे की तिच्यावरचे उपायही परंपरेने ठरून गेलेले असतात. आधी लवंगेचे तेल, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग औषधाच्या दुकानातील वेदनाशामक गोळी आणि कशानेच भागले नाही तर दंतवैद्याची पायरी. बहुतेक वेळा ही वाटचाल तेथेच संपते. कीड काढली जाते, मुळावर उपचार होतात, निरुपयोगी झालेली दाढ काढून टाकली जाते आणि आठ दिवसांत सारे विसरूनही जाते.

क्वचित मात्र असे घडत नाही. तिशीतील एखादा धडधाकट तरुण खालच्या डाव्या दाढा हलतात म्हणून दंतवैद्याकडे जातो. दाढांना कीड नसते, हिरड्यांत पू नसतो, मार लागल्याची आठवण नसते. हिरडीखाली किंचित फुगवटा तेवढा जाणवतो. पाच दिवस प्रतिजैविके दिली जातात. सूज उतरल्यासारखी वाटते आणि पुन्हा येते. गोळ्यांची आणखी एक फेरी होते. अखेर हलणारी दाढ काढली जाते. जखम भरून येत नाही. उलट त्या खळग्यातून मांसल वाढ वर येऊ लागते. तोवर तीन-चार महिने उलटलेले असतात आणि एके सकाळी दाढी करताना त्याच्या लक्षात येते की, खालच्या ओठाच्या एका बाजूला वस्तऱ्याचा स्पर्शच कळत नाही.

हे कोणा एका रुग्णाचे चरित्र नव्हे. जबड्याच्या हाडात उद्भवणारा ‘ऑस्टिओसार्कोमा’ नावाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या अनेकांची निदानापर्यंतची वाट थोड्याफार फरकाने अशीच असते. या रोगाविषयी प्रत्येक कुटुंबाने एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ आहे. ज्या दाताच्या हलण्याचे कारण दातात सापडत नाही, त्याचे कारण हाडात शोधले पाहिजे. आणि तो शोध दात काढण्यापूर्वी झाला पाहिजे.

निर्व्यसनी घरातील रोग

आपल्या देशात तोंडाचा कर्करोग म्हटला की तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांचेच नाव पुढे येते आणि ते योग्यच आहे. त्या व्यसनांमुळे होणारा कर्करोग गालाच्या, जिभेच्या वा हिरडीच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. तो डोळ्यांना दिसतो. पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण म्हणून प्रकट होतो. ऑस्टिओसार्कोमाची जात निराळी. तो हाड घडवणाऱ्या पेशींपासून, हाडाच्या आत जन्मतो. प्रारंभी वरची हिरडी गुलाबी आणि निरोगीच दिसते. तंबाखूशी त्याचा संबंध आढळलेला नाही. म्हणूनच ‘आमच्या घरात कोणी सुपारीचे खांडही तोंडात टाकत नाही’ हा निर्व्यसनी कुटुंबाचा सार्थ अभिमान या एका रोगापुरता निश्चिंत राहण्याचे कारण ठरू शकत नाही. रोग झालाच तर रुग्णाने काही अपथ्य केले असावे, अशी शंका घेणेही अन्यायाचे आहे.

हाडांत उद्भवणाऱ्या घातक कर्करोगांत ऑस्टिओसार्कोमा हा प्रमुख मानला जातो. तो मुख्यतः पौगंडावस्थेतील मुलामुलींच्या गुडघ्याजवळच्या लांब हाडांत आढळतो. त्यातील सुमारे ६ ते ७ टक्के रुग्णांत तो जबड्यात होतो आणि तेथे तो वयाच्या तिशी-चाळिशीत अधिक दिसतो. दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक रुग्णही आढळत नाही, इतका हा विरळा. उभ्या कारकिर्दीत याचा एकही रुग्ण न पाहिलेले दंतवैद्य पुष्कळ असतील. निदानाला होणाऱ्या विलंबामागे बहुधा निष्काळजीपणा नसतो. साध्या आजारासारखा दिसणारा असाधारण आजार ओळखण्याची अडचण असते.

बहुतेक रुग्णांत रोगाचे कारण सापडत नाही. काही थोड्या परिस्थितींत मात्र धोका वाढलेला असतो. पूर्वी चेहऱ्यावर वा मानेवर किरणोपचार झालेले असणे, पॅजेटचा अस्थिरोग, फायब्रस डिस्प्लेशिया हा हाडाचा विकार, बालपणी डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक कर्करोग झालेला असणे, किंवा घराण्यात अल्पवयात निरनिराळे कर्करोग घडवणारा जनुकीय दोष असणे, या त्या परिस्थिती होत. असा पूर्वेतिहास असेल तर तो दंतवैद्यालाही आवर्जून सांगावा. वीस वर्षांपूर्वीच्या किरणोपचारांचा आजच्या दाढेशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संबंध असू शकतो.

किरणोत्सर्ग आणि हाड यांचे हे नाते शंभर वर्षांपूर्वी एका दुःखद प्रसंगातून जगापुढे आले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित चमकता रंग भरणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करीत. काही वर्षांत त्यांचे दात हलू लागले. काढलेल्या दातांच्या जखमा भरेनात. जबड्याचे हाड कुजू लागले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतशल्यविशारद थिओडोर ब्लूम यांनी या विकाराला ‘रेडियम जॉ’, म्हणजे रेडियमचा जबडा, असे नाव दिले. तो विकार कर्करोग नव्हता. परंतु पुढे याच कामगार स्त्रियांपैकी काहींना हाडांचे सार्कोमा झाले आणि १९२९ मध्ये डॉ. हॅरिसन मार्टलँड व त्यांच्या सहकाऱ्याने त्यांची नोंद केली. न भरणाऱ्या जखमेपुढे थांबून ‘हे असे का होते आहे?’ असा प्रश्न एका दंतवैद्याने विचारला, हे या इतिहासातील विशेष महत्त्वाचे.

हाडाची भाषा

खालच्या जबड्याच्या हाडातून एका बोगद्यासारख्या मार्गाने एक नस जाते. ती दातांना संवेदना पुरवते आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर पडून खालचा ओठ व हनुवटी यांना स्पर्शज्ञान देते. हाडात वाढणारी गाठ या नसेवर दाब देते किंवा तिच्यात शिरते, तेव्हा ओठाला मुंग्या येतात, पुढे बधिरता येते. दाढ काढताना भूल दिली तर ओठ काही तास बधिर होतोच. पण कोणतेही इंजेक्शन, शस्त्रक्रिया वा मार यांवाचून ओठ किंवा हनुवटी बधिर होणे हे लक्षण कोणत्याही वयात गंभीर समजावे. वरच्या जबड्यात रोग असेल तर गालाची बधिरता, एका नाकपुडीचा अडथळा, डोळ्याखालचा फुगवटा किंवा बसवलेली कवळी अचानक घट्ट होणे अशा रूपात तो कळतो.

दुसरी खूण एक्स-रेवर दिसते. दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते. दोहोंमध्ये तंतूंचा अतिशय पातळ थर असतो. एक्स-रेमध्ये तो मुळाभोवती केसासारखी काळी रेघ म्हणून उमटतो. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी या थरात शिरतात तेव्हा एका किंवा शेजारच्या दोन-तीन दातांभोवतीची ही रेघ सर्व बाजूंनी रुंदावते. १९६७ मध्ये गॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमाच्या ५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून ही आरंभीची खूण दाखवून दिली. हाडावरून सूर्यकिरणांसारख्या रेषा फाकलेल्या दिसणे हे या रोगाचे पुस्तकी चित्र खरे. परंतु ते सर्वांत दिसत नाही आणि दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असू शकतो. रुंदावलेली ती बारीक रेघ मात्र रोग लहान असतानाच दिसू शकते. हिरड्यांच्या आजारात आणि दातावर सतत अधिक दाब पडल्यानेही रेघ रुंदावते. म्हणून ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण तिचा उलगडा मात्र झालाच पाहिजे.

संशय आल्यावर दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला जातो. नंतर सीटी स्कॅनमधून हाड किती पोखरले वा किती नवे बनले हे कळते आणि एमआरआयमधून हाडाच्या पोकळीत व भोवतालच्या स्नायूंत गाठ कोठवर पसरली हे समजते. हा रोग मानेतील गाठींत क्वचितच जातो. रक्तावाटे फुप्फुसांकडे जाण्याची त्याची प्रवृत्ती असते. त्यामुळे दुखणे जबड्याचे असताना छातीचा सीटी स्कॅन कशासाठी, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे.

तुकडा तपासणे

एवढे सारे होऊनही निदान पक्के होते ते बायोप्सीनेच. गाठीचा लहानसा भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. कर्करोगग्रस्त पेशी स्वतःच कच्चे, विस्कळीत हाड तयार करीत आहेत असे दिसले, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचे निदान होते. जबड्यातील गाठींत पुष्कळदा कूर्चेसारखा भागही मोठ्या प्रमाणात असतो. वरवरचा किंवा अगदी लहान तुकडा घेतला तर अहवाल दुसऱ्याच रोगाचा, कधी निरुपद्रवी गाठीचाही, येऊ शकतो. हाडाची जुनी सूज, फायब्रस डिस्प्लेशिया आणि हा रोग यांतील भेद सूक्ष्म असतो. म्हणून तुकडा पुरेसा खोल असावा, शक्यतो तोंडाच्या आतून आणि पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने घेतलेला असावा आणि पॅथॉलॉजिस्टला त्याबरोबर एक्स-रे व स्कॅनही पाहावयास मिळावेत.

‘शस्त्र लागले की कॅन्सर चवताळतो’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. नीट योजून केलेल्या बायोप्सीने रोग बळावत नाही. तिच्या भीतीने दवडलेल्या महिन्यांत मात्र तो निश्चित वाढतो. ती समजूत ज्यामुळे रुजली असावी तो अनुभव बहुधा वेगळाच असतो. निदानावाचून दाढ काढली जाते, गाठ खरवडली जाते, रोग मागे राहतो आणि वेगाने वर येतो. दोष शस्त्राचा नसतो; निदानाआधी चाललेल्या शस्त्राचा असतो.

दुर्मीळ रोगात दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. प्रयोगशाळेत तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला ऊतींचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, सांभाळून ठेवलेला असतो. तो मागून घेऊन मोठ्या कर्करोग केंद्रात पुन्हा तपासून घेता येतो. अहवालाचा कागद तेवढा फाइलला लावून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांना ब्लॉकसाठी पुन्हा गावी परतावे लागते, ही नित्याची धावपळ टाळता येण्यासारखी आहे.

पहिली शस्त्रक्रिया हीच मोठी संधी

उपचारांचा कणा शस्त्रक्रिया हाच आहे. दिसणारी गाठ काढून भागत नाही. तिच्याभोवतीचे निरोगी हाड आणि मऊ भागही काढावा लागतो. काढलेल्या भागाच्या कडांवर रोगाच्या पेशी नसणे, म्हणजे कडा स्वच्छ असणे, यावर रुग्णाचे भवितव्य सर्वाधिक अवलंबून असते. जबड्यातला हा रोग दूर पसरण्यापेक्षा त्याच जागी पुन्हा उद्भवण्याची भीती अधिक असते. खालच्या जबड्यात स्वच्छ कडा मिळवणे तुलनेने सोपे. वरच्या जबड्यात डोळा आणि कवटीचा तळ जवळ असल्याने ते काम अवघड. अपुरी पहिली शस्त्रक्रिया दुसऱ्या शस्त्रक्रियेने पूर्णपणे भरून निघतेच असे नाही. म्हणून लवकरची तारीख मिळते आहे एवढ्यावर रुग्णालय न निवडता, डोके व मान यांचे कर्करोगतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि पुनर्रचना करणारे प्लास्टिक सर्जन जेथे एकत्र बसून निर्णय घेतात, तेथे जावे. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी महाराष्ट्राला सर्वांत परिचित.

जबडा काढायचा हे ऐकताच घरातील माणसांच्या पायाखालची जमीन सरकते. चेहरा कसा दिसेल, जेवणार कसे, बोलणार कसे, हे प्रश्न जीव वाचेल का या प्रश्नाच्या बरोबरीने उभे राहतात. येथे गेल्या अर्धशतकातील शल्यविद्येने मोठा आधार दिला आहे. पायात नडगीच्या हाडाशेजारी एक बारीक लांब हाड असते. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते, हे हाड त्यात फारच थोडा वाटा उचलते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयन टेलर यांनी हे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह एका जागेहून दुसऱ्या जागी जोडून दाखवले. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याच हाडापासून खालचा जबडा घडवण्याची पद्धत मांडली. आता हाडाचा योग्य लांबीचा भाग घेऊन, त्याला ठरावीक कोनांत छेद देऊन, टायटॅनियमच्या पट्टीवर जबड्याचा आकार दिला जातो आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांशी जोडल्या जातात. पायाचे हाड अशा रीतीने जबडा होऊन जिवंत राहते. पुढे त्यात कृत्रिम दातही रोवता येतात. काही आठवड्यांच्या सरावाने बहुतेक रुग्ण पुन्हा नीट चालू लागतात.

औषधोपचारांचा वाटा

हातापायांच्या ऑस्टिओसार्कोमात १९७० नंतर केमोथेरपीने चित्र पालटले. त्यापूर्वी शस्त्रक्रिया होऊनही पाचांतील चार रुग्ण दगावत. नंतर रोग पसरलेला नसताना सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण वाचू लागले. जबड्याच्या बाबतीत रुग्णच इतके थोडे की तसे मोठे तौलनिक प्रयोग होऊ शकलेले नाहीत. त्यामुळे रोगाच्या पेशी उग्र स्वरूपाच्या असतील तर अनेक केंद्रे शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नंतर केमोथेरपी देतात. सौम्य स्वरूपात पुष्कळदा शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. दोन डॉक्टरांनी दोन क्रम सुचवले तर गोंधळून न जाता प्रत्येकाची कारणे विचारावीत. कडा स्वच्छ मिळाल्या नाहीत किंवा गाठ काढणेच अशक्य असले, तर किरणोपचारांचा आधार घेतला जातो.

डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लाटिन, आयफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट ही यातील प्रमुख औषधे. पहिले हृदयावर, दुसरे मूत्रपिंड व कानांवर परिणाम करू शकते; म्हणून टू-डी इको, रक्ताच्या चाचण्या आणि श्रवणचाचणी आधीच होतात. रुग्ण तरुण असेल तर पुढील अपत्यप्राप्तीच्या दृष्टीने शुक्राणू वा बीजांडे गोठवून ठेवण्याविषयी पहिल्या सलाइनपूर्वीच विचारावे. संकोचामुळे हा प्रश्न मनातच राहतो आणि नंतर विचारून उपयोग नसतो.

घरचा वाटा

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाकातील नळीवाटे अन्न दिले जाते आणि पुढेही बराच काळ मऊ, न चावता गिळता येणारा आहार लागतो. कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरातही तो सहज सिद्ध होतो. मुगाचे कढण, तुपाची धार घातलेली तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व, दूध, मिक्सरमधून फिरवलेली डाळ-खिचडी, दुधी व भोपळ्याचे सार यांतून प्रथिने आणि ऊर्जा दोन्ही मिळू शकतात. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. उकळून गाळलेले पाणी पिण्याची जैन घरांतील रीत केमोथेरपीच्या काळात संसर्गापासून रक्षण करते. रात्रीचा प्रश्न मात्र आधीच बोलून घ्यावा. सिस्प्लाटिनसारख्या औषधांबरोबर शरीरात भरपूर पाणी जावे लागते, नळीवाटे सूर्यास्तानंतरही अन्न द्यावे लागू शकते. चौविहाराचा नियम असलेल्या रुग्णाने तो डॉक्टरांपासून लपवू नये आणि उपवासाचा संकल्प परस्पर करू नये. प्रत्याख्यानात आगारांची, म्हणजे सवलतींची, तरतूद आहे आणि आजारपण हे त्यांतील एक निमित्त आहे. साधू-साध्वींना विचारले तर मार्ग निघतो आणि रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते.

खर्चासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती तेथे मिळते. मुंबईत राहण्याची सोय नसलेल्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अनेक वर्षांपासून आसरा मिळत आला आहे. पैशांपलीकडेही एक साहाय्य कुटुंबाच्या हाती असते. सुजलेला, टाके पडलेला चेहरा रुग्ण प्रथम आरशात नव्हे, घरच्यांच्या डोळ्यांत पाहतो. तेथे त्याला पूर्वीचाच माणूस दिसला पाहिजे. तोंड उघडण्याचे व्यायाम, स्पष्ट बोलण्याचा सराव आणि पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी होणारी तपासणी या सर्वांत सोबतीला कोणी असले की वाट सुसह्य होते.

आणि ज्यांच्या घरात हा रोग नाही, कधी येऊही नये, त्यांच्यासाठी लहानसा विवेक पुरेसा आहे. दातदुखीने घाबरण्याचे कारण नाही. ती बहुधा दाताचीच असते. परंतु दात अकारण हलत असेल, सूज औषधांनी उतरून पुन्हा येत असेल, काढलेल्या दाताची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल किंवा ओठ बधिर झाला असेल, तर गोळ्यांची आणखी एक फेरी स्वीकारण्यापूर्वी दंतवैद्यांना नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टर, हाडाचा एक्स-रे काढून पाहू या का?’ जाणत्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. शंका निराधार ठरली तर खर्च एका एक्स-रेचा. खरी ठरली तर त्या तरुणाचे हरवलेले तीन-चार महिने त्याच्या पदरी परत पडतात, आणि या रोगात त्या महिन्यांचे मोल जबड्याहूनही मोठे असते.